शालूचं एक मत

उंब्रज,
रविवार

प्रिय शालू,

सात वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट उघडशील की नाही, मला माहीत नाही. मी दादाकडे उंब्रजला आले आहे, त्याला चार दिवस झाले.  दिवसभर वहिनीबरोबर शेंगा फोडत बसते. फोनवर हे बोलता आलं नसतं. तुझा आवाज ऐकला असता तर भांडले तरी असते, नाहीतर रडले तरी. म्हणून लिहिते आहे. माझ्या नवऱ्याचं नाव मी चाळीस वर्षांत कधी तोंडाने घेतलं नाही, या पत्रात घेणार आहे. आता 'हे' म्हणवत नाही.

आपली पहिली निवडणूक तुला आठवत असेलच. प्रभाग महिलांसाठी राखीव झाला आणि नाथाजींनी स्वतःसाठी दोन वर्षं केलेली सगळी तयारी माझ्या गळ्यात घातली. पत्रकावर त्यांचा फोटो मोठा, माझा खाली कोपऱ्यात. तू तेव्हा आमच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचीस. नवरा गेलेला, सूरज शाळेत. घरोघर फिरायचं कसं, कुणाच्या घरी चहा घ्यायचा आणि कुणाच्या घरी नुसतं उंबऱ्यात टेकायचं, हे तू मला शिकवलंस. कुपवाडच्या कोपरा सभेत माईक हातात आला आणि मला एक शब्द आठवेना. तू पहिल्या रांगेतून उठून म्हणालीस, "आवं ताई, पाण्याचं बोला की. बाकीचं ऱ्हाऊ द्या." तू आटपाडीची, घागरीमागे चालत मोठी झालेली. मी पाण्याचं बोलले. कारखान्यातून सुटलेली माणसं गाड्या बंद करून ऐकायला लागली. त्र्याण्णव मतांनी निवडून आले, आणि त्यातली निम्मी मतं तुझी होती असं मी तेव्हाही म्हणत होते.

दुसऱ्या खेपेला अकराशेंनी आले आणि अडीच वर्षं महापौर झाले. लोकांना वाटतं खुर्चीमुळे माणूस बदलतो. मी बदलले ती एका फाईलमुळे. कुपवाडमधल्या बागेच्या जागेवरचं आरक्षण उठवून तिथे दुकानं काढायची होती. नाथाजी म्हणाले, "एवढं एक काम कर, मग पुन्हा काही मागणार नाही." मी जागेवर जाऊन आले, तिथल्या बायकांशी बोलले आणि फाईल परत पाठवली. त्या रात्री नाथाजींनी जेवताना नेहमीसारखी भाकरी मागून घेतली. मला वाटलं, त्यांना पटलं. केवढी खुळी होते मी.

तिसऱ्या निवडणुकीत शेजारच्या प्रभागातून तुला पक्षाने तिकीट नाकारलं. तू अपक्ष उभी राहिलीस आणि मी पक्षाचा राग पत्करून तुझ्यासाठी फिरले. आपण दोघी निवडून आलो. महापौरपदासाठी पक्षाने पुन्हा माझं नाव दिलं. अडतीस मतं मोजून ठेवली होती, त्यात तुझं धरताना तुला विचारायचीही गरज वाटली नव्हती, इतकं ते माझं होतं. सभागृहात माझं नाव पुकारलं. सदतीस हात वर झाले. तू मांडीवर पदर चुरगाळत खाली बघत होतीस. मग दुसरं नाव पुकारलं आणि तुझा हात वर गेला. तुझ्या मनगटावरचं सैल घड्याळ घसरून खाली आलं, एवढंच मला दिसलं. मी एका मताने पडले.

त्या संध्याकाळी नाथाजींनी माझ्या कपाळाला बाम लावला. "जिला घरात ठेवली तिनंच घर फोडलं," म्हणाले. शालू, या सात वर्षांत तुझ्या नावाने सगळ्यांत जास्त बोटं कुणी मोडली असतील, तर त्यांनी. मी थांबले की ते सुरू व्हायचे. तू दोनदा आलीस, मी दार उघडलं नाही. सूरजच्या लग्नाची पत्रिका मी परत पाठवली. रस्त्यात दिसलीस की गाडीची काच वर करायचे. हे सगळं मी केलं, आणि प्रत्येक वेळी ते शेजारी बसून मान डोलवत होते.

आता इतक्या वर्षांनी निवडणूक लागली आहे. प्रभाग पुन्हा महिलांचा. मंगळवारी घरी बैठक होती. नाथाजींनी सून साक्षीचं नाव पक्षाकडून पक्कं करून आणलं होतं. मला विचारलंही नव्हतं. मी चहाचा ट्रे घेऊन दारापर्यंत गेले तेव्हा ते कार्यकर्त्यांना हसत सांगत होते, "सून ऐकंल. गोदावरी ऐकत न्हवती. म्हणून तर त्या खेपेला शालूकडनं तिला खाली बसवली. तिचं पोरगं कारखान्यात माझ्याच हाताखाली व्हतं."

मी ट्रे तिथेच टेबलावर ठेवला. सगळे उठून गेल्यावर विचारलं, हे खरं का. नाकारायचेही कष्ट त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "घर राखलं मी. तू पुन्हा महापौर झाली असतीस तर मला विचारलं असतंस का कधी?" चाळीस वर्षं ज्याच्या ताटाची काळजी केली, त्या माणसाला मी पडले याचा सात वर्षं आनंद होता, आणि तो माझ्या कपाळाला बाम लावत होता.

मी सूरजला फोन केला. आधी त्याने विषय बदलला. मग म्हणाला, "काकी, आयनं शपत घातल्याली. मतदानाच्या आदल्या दिवशी काका घरी आलते. म्हनले, गोदावरीसाठी हात वर झाला तर पोराला उद्या कारखान्याचं गेट दिसायचं न्हाई. आय लय रडली तवा."

तू रडलीस, हे ऐकून माझा राग गेला असं समजू नकोस. उलट वाढला. तू मला एकदा सांगायचं होतंस. मी म्हटलं असतं, आधी पोराची नोकरी वाचव, महापौरपद गेलं खड्ड्यात. कदाचित म्हटलं नसतंही. तेव्हा मला ती खुर्ची फार हवी होती. पण मला ठरवू द्यायचं होतंस. नाथाजींनी मला फसवलं आणि तू गप्प राहून त्यांना साथ दिलीस. त्यांचं मला आता नवल वाटत नाही. तुझं अजून वाटतं.

शुक्रवारी अर्ज भरायची शेवटची तारीख आहे. मी साक्षीविरुद्ध अपक्ष उभी राहते आहे. पोरगी चांगली आहे, पण तिला मत दिलं तर ते नाथाजींना जाईल, आणि हे लोकांना सांगणारं कुणीतरी हवं. बहुधा मी पडेन. अर्जावर सूचक म्हणून प्रभागातल्या एका मतदाराचं नाव लागतं. तुझं नाव आमच्याच यादीत आहे. सूरजने आता स्वतःचं वर्कशॉप टाकलं आहे, त्याला कुणी गेटबाहेर काढू शकत नाही. म्हणजे या वेळी तुझ्याकडे ते कारणही नाही. मी तुला माफ केलेलं नाही, करीन की नाही सांगता येत नाही. पण तू माझ्याविरुद्ध गेलीस ती भर सभागृहात, तर माझ्या बाजूने यायचं असेल तेही चारचौघांसमोर यावंस, असं मला वाटतं. गुरुवारी सकाळी मी सांगलीत येते. तू हो म्हण किंवा नाही म्हण. फक्त या खेपेला ते मला तुझ्या तोंडून ऐकू दे.

तुझीच,
गोदाताई