आधी एक, मग दहा

तंजावर,
मंगळवार, १७ जुलै २००१

सौभाग्यवती कनकलतेस, अम्मेचे पोटभर आशीर्वाद. पुण्याला पाऊस कसा आहे, जावयांचा खोकला गेला का, कळव.

तुझी लेक घरी आहे, घर कसं भरलं बघ! दहा दिवस रोज डांगर पचडी, रोज सांबार. अखिला सगळं जेवते. म्हणजे वाढलेलं संपवते. परवा मी मुद्दाम मीठ घातलं नाही, तरी बोलली नाही.

पापनाशमची माणसं तिला बघायला, ती आली त्याच रविवारी, येऊन गेली. मुलाची आई वेंकूबाई मला म्हणाली, "पोरगी किती शांत हो!" पसंत पडली. आज आडी महिना लागला, आता महिनाभर कुणी मुलगी बघायला निघत नाही. म्हणून मला घाई होती.

तिनं तुला फोनवर "रजा आहे" एवढंच सांगितलं ना? तिचं काम तुला कळलं नसेल, मला दुसरी नापासला कळलं आहे. मद्रासच्या ऑफिसात एका गार खोलीत तीनशे यंत्रं, सगळी लिनक्सवर चालणारी. यंत्रानं जागं कसं व्हायचं ते त्याच्या पोटात लिहिलेलं असतं, त्याला फर्मवेअर म्हणतात. ते मधून मधून नवं घालावं लागतं. बिघडलं तर यंत्र उठतच नाही. म्हणून आधी एकात घालायचं, दिवसभर बघायचं, मग दहात, मग सगळ्यांत. मी म्हटलं, "अगं, हे आमच्या चत्रातल्या, अन्नछत्रातल्या, भातासारखं! एका पोत्याचा चांगला झाला म्हणून दुसऱ्याला तेवढंच पाणी घालू नये. प्रत्येक पोत्यातला शेरभर आधी शिजवून बघावा."

"अज्जी, तूच ये मॅनेजर म्हणून," म्हणाली. किती हसली होती.

म्हणजे घाईनं काय बिघडतं हे मला कळत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

त्या शुक्रवारी एक यंत्र झालं होतं, दहा व्हायची होती. पापनाशमच्यांना तिनं आधीच "काम आहे, नंतर बघू" म्हटलं होतं. मी दुपारी ऑफिसात फोन केला. "न्हाणीत पडले, उठवत नाही, आत्ता निघ."

"अज्जी, सोमवारपर्यंत थांबवेल का गं?"

मी कण्हले.

काम तर सोमवारच्या आत व्हायलाच हवं होतं. तिनं दहाची पायरी गाळून राहिलेल्या सगळ्यांत एकदम घातलं आणि बस पकडली. पहिलं यंत्र नव्या खेपेचं होतं. जुन्या खेपेची एकशेवीस होती, त्यांतलं एकही उठलं नाही.

मी पडले नव्हते, कनका. कापी पीत होते.

ऑफिसानं तिला घरी बसवलं आहे. घाई का केली ते पुढच्या आठवड्यापर्यंत लेखी मागितलंय, त्यावर नोकरी राहायची की जायची. तिनं लिहिलंय, चूक माझी. माझ्या फोनचा एक शब्द नाही. का नाही म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तू पडलीस ती काय तुझी चूक?"

रोज माझ्या पायाला तेल चोळते. मी लंगडते. आता सवय झाली. रडू येईल असं वाटलं होतं, येत नाही.

आत्ताही समोर बसून तेल कोमट करते आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण शाळा इकडची तमिळ, अक्षरं तेवढी येत नाहीत, म्हणून तिच्यासमोर हे लिहिता आलं. "अम्माला एवढं काय लिहितेस?" म्हणून विचारते. म्हटलं, "वाचून दाखवते, थांब."

हे इंग्रजीत करून तिच्या साहेबांना, सुब्रह्मण्य यांना, लगेच पाठव. माझं नाव घाल. ती उठून गेली तर मी अडवणार नाही.

पाकीट तुझ्या हाती आलं, तर तिला वाचून दाखवून झालं असं समज.

तुझी अम्मा, आणि तिनं म्हटलं तर अजून तिची अज्जी,
हिराबाई