दीड फुटावरचा हरभरा

पांडेसरा, सुरत
२ फेब्रुवारी

सौ. सुमित्रास,
भागवतची खुशाली कळावी. लूमचं काम नीट चालू आहे, डबाही वेळेवर येतो. आईचा खोकला थांबला का?

काल तुझ्या भावानं आपल्या हरभऱ्याचा फोटो पाठवला आणि मी हबकलोच. दोन ओळींत चांगली दीड फूट जागा! मी पाऊण फुटावर पेरायला सांगितलं होतं ना? आणि तू दर फोनवर म्हणायचीस, "तुम्ही सांगितलं तसंच पेरलंय." इतकं धडधडीत खोटं, आणि तेही तू?

तावातावानं त्याला फोन लावला. तो म्हणाला, "दाजी, एक पाणी दिलेलं नाही. मोकळं पेरलं म्हणून ओल पुरली. घाटे टच्च भरलेत." गेल्या साली मी दाट पेरलेला संक्रांतीआधीच वाळला होता.

तुझंच बरोबर होतं गं. पण मला सांगितलं का नाहीस? मी काळजी करीन म्हणून?

मग माझंही ऐक. खोलीत आम्ही चौघंच आहोत, असं तुला सांगत आलो. अकरा जण आहोत. फोनवर बोललं की सगळे ऐकतात, म्हणून तर हे लिहितोय.

तुझाच,
भागवत