काढून टाकलेल्या सांध्यावर बसण्याची परवानगी मिळणेबाबत

येनखेडा रोड स्टेशन,
दि. ३१ ऑक्टोबर १९८५, सकाळी

प्रति,
मा. सहायक अभियंता साहेब,
रेल्वे मार्ग (छोटी लाईन),
उपविभागीय कार्यालय.

विषय : येनखेडा रोड येथील सांधा क्रमांक ३, जो सन १९८१ मध्ये काढून टाकण्यात आला, तो अद्याप जागेवरच असल्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे अकरा अर्ज.
२) आपल्या कार्यालयाचे उत्तर (एकच) : "सदर सांधा अभिलेखात नाही. सबब कार्यवाहीचा प्रश्न उद्भवत नाही."

महोदय,

१. मी खाली सही करणार खुशाल बापूजी खोब्रागडे, सांधेवाला, नोकरी चौतीस वर्षे, पैकी येनखेडा रोड येथे सतरा वर्षे. गाडी येण्यापूर्वी रुळांचा सांधा योग्य लाईनीला लावून धरणे हे माझे काम. आज सायंकाळी सहा वाजता मी सेवानिवृत्त होत आहे. हा अर्ज मी सांध्यावर बसूनच लिहीत आहे, त्यामुळे मध्ये मध्ये थांबावे लागेल. अक्षर वाकडे आल्यास ते रुळाच्या धक्क्याने आले आहे असे समजावे.

२. स्टेशनच्या पूर्वेस जंगलातील बांबू भरण्यासाठी डेपोची एक लाईन होती. डेपो बंद झाल्याने ती लाईन व तिचा सांधा क्रमांक ३ उखडण्याचा हुकूम जुलै १९८१ मध्ये आला. दसरू मुकादमाच्या गॅंगने पलीकडच्या टोकाकडून रूळ उचलत आणले. सहा जोड रूळ आणि सांधा एवढे काम राहिले असताना झड लागली. ते दिवस धानाच्या रोवणीचे. गॅंगमधील प्रत्येकाच्या घरी पऱ्हे (धानाची रोपे) पिवळे पडत होते. दसरू कागद घेऊन माझ्याकडे आला. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहितो : "खुशालभाऊ, बायका बांधीत उभ्या हायेत, अन् आमी इथी लोखंड उचलून राह्यलो. सहा रूळ अन् तुमचा सांधा तेवढा रायला. रोवणा झाला का येऊन उखडतो. तुमी पुरा झाला म्हणून सही तं करा." मी सही केली. त्यावर तेव्हाच्या स्टेशन मास्तरांनीही सही केली. दुसऱ्या आठवड्यात दसरूची बदली झाली व तो धानोऱ्याकडे गेला. रोवणी झाली, निंदण झाले, कापणी झाली. चार कापण्या झाल्या. सांधा तेथेच आहे.

३. (हा परिच्छेद सध्याचे मा. स्टेशन मास्तर यांच्या विनंतीवरून काढून टाकला आहे. क्रमांक मात्र राहू दिला आहे, म्हणजे येथे काही होते हे कळेल.)

४. सांधा नुसता पडून राहिला असता तर माझी तक्रार नव्हती. परंतु गॅंगने कामास सुरुवात करताना सांधा फिरवण्याचा दांडा अडकवून ठेवणारी खीळ व कुलूप पहिल्याच दिवशी काढून नेले होते. रूळ ओढणारी पट्टीही वाकलेली आहे. त्यामुळे दांडा सोडला की तो उसळतो आणि रूळ आपोआप डेपोच्या लाईनीकडे वळतात. ती लाईन सहा जोड रूळ पुढे जाते. तेथे तिचा शेवट आहे, आणि शेवटानंतर गावची बोडी, म्हणजे तळे, आहे. बोडीला सध्या दीड पुरुष पाणी आहे. म्हणून येणारी प्रत्येक गाडी येण्यापूर्वी मी दांडा दाबतो, त्यावर बसतो, आणि शेवटचा डबा गेल्यावर उठतो. असे दिवसातून सहा वेळा. माझे वजन बावन्न किलो आहे. ते पुरते. तापात सत्तेचाळीस झाले होते, तेव्हा मांडीवर दगड घेऊन

(मालगाडी आली.)

बसत असे. मालगाडी गेली. ड्रायव्हरने हात केला, मीही केला.

५. आता दांडा बांधून का ठेवला नाही, असे साहेब विचारतील. बांधला होता. तारेने बांधला तर चावीवाल्याने रोजच्या पाहणीत तार कापून टाकली, कारण त्याच्या वहीत त्या जागी तार नाही. लाकडी पाचर मारली ती काढली गेली. शेवटी दोन मोठे खिळे ठोकले, तेव्हा खिळे काढून मला "रेल्वे मार्गाशी अनधिकृत छेडछाड" या कारणाखाली ज्ञापन देण्यात आले व पुन्हा असे केल्यास नोकरीवरून काढण्यात येईल असे बजावले. चावीवाल्याचा दोष नाही. तो प्रामाणिक माणूस आहे व नेमून दिलेले काम करतो. आमच्याकडे सर्वच जण नेमून दिलेले काम करतात.

६. नवीन मुकादमाला मी विनंती केली की, दोन तासांचे काम आहे, उखडून टाका. तो म्हणाला, "पत्रक आना खुशालभाऊ, उभ्या उभ्या उखडतो." पत्रकासाठी मी आपल्या कार्यालयात अर्ज केला. उत्तर वर संदर्भात दिलेच आहे. उखडलेली वस्तू उखडण्यास मंजुरी देता येत नाही, हे मला मान्य आहे. मी स्वतः कागदावर उखडली आहे.

७. सध्याचे स्टेशन मास्तर गुणवंतराव साहेब सज्जन गृहस्थ आहेत. सांधा त्यांनी स्वतः डोळ्याने पाहिला आहे. एकदा गाडी जाताना माझ्या शेजारी दांड्यावर बसलेही होते. परंतु त्यांना लेखी द्यायला सांगितले तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, मी लिहिलं का सांधा हाये, तं वरून विचारतीन, मंग इतके वर्षं त्याच्यावरून गाड्या कोनाच्या हुकमानं सोडून राह्यले? तुमी तं सुटून चालले. मले अजून अकरा वर्षं काढाची हायेत. मले काऊन बुडवता?" यात त्यांचेही चुकत नाही. (परिच्छेद ३ मध्ये हेच होते. तेथून काढले होते. येथे आले. सांध्यासारखेच झाले. क्षमा असावी.)

८. गेल्या फेब्रुवारीत माझ्या नवव्या अर्जावरून पाहणीसाठी एक निरीक्षक साहेब ट्रॉलीवर आले. त्या दिवशी मी सकाळी आंघोळ करून, धुतलेला गणवेश घालून तयार होतो. मनात म्हटले, आज सांधा साहेबांच्या डोळ्यासमोर येणार. ट्रॉली वळणावर दिसली. चार माणसे ढकलत होती, वर साहेब छत्री धरून बसले होते. दांडा उसळलेला होता, म्हणजे ट्रॉली थेट बोडीकडे जाणार. मी काय करावे? मी दाबला आणि बसलो. हात हलवून ओरडलो, "साहेब, ह्योच! ह्योच तो!" साहेबांना वाटले मी नमस्कार करतो आहे. त्यांनीही मान हलवली. ट्रॉली धक्का न लागता सरळ निघून गेली. त्यांचा अहवाल पुढीलप्रमाणे : "मार्ग सुस्थितीत. सांधा जाणवला नाही. एक कर्मचारी कामाच्या वेळेत रुळाशेजारी भंगारावर बसलेला आढळला. समज द्यावी."

मला समज देण्यात आली.

माझी पत्नी केसरबाई त्या दिवशी म्हणाली, "उठाचं होतं नं तुमी. साहेब गेला असता बोडीत छत्रीसंगं, मंग दिसला असता त्याले सांधा." साहेब, ती रागावली की असे बोलते. परंतु मी त्या दिवसापासून विचार करतो आहे आणि मला दुसरे उत्तर सापडलेले नाही. मी बसलो तर सांधा कोणाला दिसत नाही. उठलो तर

(पॅसेंजर. आज गर्दी आहे. ब्रह्मपुरीच्या कॉलेजची मुले दारात लोंबकळत आहेत. एक बाई खिडकीत कोंबडी सांभाळत आहे. गेली.)

९. वरील वाक्य पूर्ण करण्याची आवश्यकता नाही.

१०. आता उद्याविषयी. सांधा नाही म्हणून सांधेवाल्याची जागाही कमी करण्यात आली आहे. माझ्या जागी कोणीही येणार नाही. दुसऱ्या टोकाचा सांधा लच्छू मडावी पाहतो, परंतु ते टोक पाऊण किलोमीटर दूर आहे आणि गाडी येते त्या वेळी त्याला आपल्या सांध्याजवळ उभे राहावे लागते. काल मी स्टेशनात चार्ज द्यायला गेलो. यादी अशी : हिरवी झेंडी एक, लाल झेंडी एक, हातबत्ती एक, शिट्टी एक. मी म्हणालो, सांधा एक. तो कोणी लिहून घेतला नाही. गुणवंतराव साहेबांनी उद्यापासून आठ दिवसांची रजा घेतली आहे. त्यांच्या जागी येणारे साहेब येथे कधी आलेले नाहीत.

११. मी रोजच्या ड्रायव्हरला सांगून पाहिले की, उद्यापासून येथे हळू घ्या. तो म्हणाला, मास्तरच्या सहीचा कागद असल्याशिवाय वेग कमी करता येत नाही. केसरबाई म्हणते, मी लाल लुगडे घेऊन रुळावर उभी राहते. मी तिला समजावले की, कारणाशिवाय गाडी थांबवणे गुन्हा आहे आणि आपले कारण अभिलेखात नाही.

१२. राहिला एकच उपाय : निवृत्त झाल्यावरही मी येथे येऊन बसणे. माझी तयारी आहे. परंतु खिळ्यांच्या प्रकरणामुळे मला लेखी नोटीस मिळाली आहे की, आज सहा वाजल्यानंतर रेल्वेच्या हद्दीत मी अनधिकृत इसम समजला जाईन. त्यासाठी एक शिपाई नेमण्यात आला आहे. तो कालच येऊन पोचला. चांगला मुलगा आहे. त्याने दांड्यावर बसून पाहिले व म्हणाला, "बाबा, कागद नसन तं मले तुमाले उचलून न्यावं लागन. माह्यावर राग नका धरू." १९८१ नंतर या सांध्यासाठी नेमलेला हा पहिला माणूस आहे, आणि तो मला उठवण्यासाठी नेमलेला आहे.

१३. अकरा अर्जांत मी आपल्याकडे अनुक्रमे पुढील गोष्टी मागितल्या : सांधा उखडणे. मग, निदान कुलूप. मग, निदान खीळ. मग, दोन खिळे ठोकण्याची परवानगी. मग, माझ्या जागी एक माणूस. यातील कोणतीही गोष्ट आता मी मागत नाही. मला फक्त एक कागद हवा आहे, त्यावर एवढेच असावे : "खुशाल बापूजी खोब्रागडे यांना येनखेडा रोड स्टेशनच्या पूर्वेस रुळाशेजारी बसण्यास हरकत नाही." सांध्याचा उल्लेख करू नये. का बसतो हेही लिहू नये. म्हातारा माणूस आहे, गाड्या पाहत बसतो, असे समजले तरी चालेल. बसण्याची मुदत आपण ठरवाल ती. मी सध्या अठ्ठावन्न वर्षांचा आहे. माझे वडील एकोणसत्तरीला गेले.

१४. एक गोष्ट मागील कोणत्याही अर्जात लिहिली नाही, ती लिहितो. दसरूने सही मागितली तेव्हा मी त्याच्यासाठी केली असे मी सर्वांना सांगत आलो. माझ्याही धानाच्या दोन बांधी होत्या. केसरबाई सकाळपासून गुडघाभर पाण्यात एकटी पऱ्हे लावत होती. दसरू दोन वाजता आला आणि मी सव्वादोनला घरी पोचलो. त्या वर्षी धान फार चांगले झाले. ही चूक दसरूची नाही व स्टेशन मास्तरांचीही नाही. जी शिक्षा असेल ती मला द्यावी, परंतु ती बसून भोगता येईल अशी असावी.

१५. हा अर्ज मी स्वतः आणून द्यावयास हवा होता. परंतु येथून आपल्याकडे येऊन परत पोचेपर्यंत तीन गाड्या जातात. म्हणून केसरबाईच्या हाती दुपारच्या गाडीने पाठवत आहे. त्या गाडीला आणि संध्याकाळच्या शेवटच्या गाडीला मी येथे आहे, काळजी नसावी. सहानंतर सकाळपर्यंत गाडी नाही. पहिली गाडी उद्या सात वीसची, आपल्याच गावाहून सुटून इकडे येणारी पॅसेंजर.

सांध्यावरून सहा वाजेपर्यंत आपला,

खुशाल बापूजी खोब्रागडे
सांधेवाला (सांधा नाही)
येनखेडा रोड

सहपत्रे :
१) आपल्या कार्यालयाच्या उत्तराची नक्कल.
२) खिळ्यांबाबतचे ज्ञापन व समज दिल्याचे पत्र.
३) सांध्याचे चित्र, मी स्वतः काढलेले. रूळ थोडे वाकडे आले आहेत. बोडी बरोबर आली आहे.
४) केसरबाई खुशाल खोब्रागडे, वय बावन्न, समक्ष. तिला वाचता येत नाही. रात्री ती आपल्या गावी तिच्या बहिणीकडे राहील व सकाळी नऊपर्यंत कार्यालयाच्या पायरीवर बसेल, असे तिला सांगितले आहे. परंतु परवानगीचा कागद आजच मिळाल्यास तो तिच्या हाती देऊन तिला उद्याच्या सात वीसच्या गाडीने पाठवावे. ती कागद खिडकीबाहेर धरील, शिपायाला लांबूनच दिसेल, आणि तो मला बसू देईल. तसे त्याने कबूल केले आहे.

कागद मिळणार नसेल, तर तिला काही सांगू नये. एसटी बसने पाठवावे. बस साडेनऊला आहे. बाकीच्या प्रवाशांनी गाडीची तिकिटे काढलेली असतील, त्यांच्याविषयी लिहिण्याचा अधिकार सहानंतर मला राहत नाही.