डोळे मिटून एका पायावर

प्रिय आई,

पुन्हा तेच! धुलाईखान्याचा मुकादम छळतो, म्हणून काम सोडलं. तीन पत्रांत तू हेच लिहिलंस, म्हणून मी त्या माणसाला फोन लावून शिव्यांची लाखोली वाहिली. तिथे येऊन हातपाय मोडीन म्हणालो. तो बिचारा ऐकत राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, बाबा रे, एकदा आईलाच विचार. चांगलं तोंडघशी पाडलंस मला!

तुला नाही विचारलं, तू थोडीच सांगणार होतीस! वहिनीला खोदून खोदून विचारलं. आधी रडली, मग म्हणाली, भाऊजी, ओल्या चादरींचं गाठोडं उचललं की आईंना लघवी होते. खोकलं तरी, हसलं तरी. एकदा सगळ्या बायकांसमोर कपडे भिजले, त्या दिवशी घरी आल्या त्या आल्याच. आता पाणीसुद्धा घोट घोट पितात.

दोन वर्षं हे लपवलंस, आई! गेल्या खेपेला मला सोडायला थांब्यापर्यंत आली नाहीस, म्हणून मी सहा महिने तुझ्याशी धड बोललो नाही. तेव्हा सांगायला काय झालं होतं? मुलाची लाज? सातवं लागेपर्यंत माझी ओली अंथरुणं कोण धूत होतं? मी लाजलो होतो का तेव्हा?

आता ऐक, आणि नाक मुरडू नकोस. इथे बांधकामावरच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई आहेत. घोटा दुखावलेल्यांना डोळे मिटून एका पायावर उभं करतात. धडधाकट गडी पोत्यासारखे कलंडतात. बाई म्हणतात, ताकद आहे रे, पण पाय कसा ठेवलाय याची खबरच डोक्याला पोचत नाही, ती पुन्हा शिकवावी लागते. मित्राच्या आईचं म्हणून मी तुझं विचारलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, मित्र कोण ते ओळखलंच. म्हणाल्या, पुष्कळ बायकांना होतं, बाळंतपणानंतर तर जास्तच. लघवी धरून ठेवणारे खालचे स्नायू आवळलेत की सैल आहेत, हेच काहींना उमगत नाही. आवळा म्हटलं तर पोट आत घेतात, श्वास कोंडतात. आधी ते उमगायला हवं, मग ताकद, मग ओझं उचलायच्या आधी आवळायची सवय. तीनेक महिने लागतात, बऱ्याच जणींना गुण येतो. आणि पाणी पिणं तोडू नका म्हणावं.

तुमच्याकडच्या मोठ्या दवाखान्यात अशाच एक बाई मंगळवारी बसतात. वहिनी सोबत येईल. मुकादमाची मी माफी मागितली. तो म्हणाला, येऊ दे त्यांना, घड्या घालायच्या टेबलावर बसवतो. आता कारणं सांगू नकोस.

तुला वाटेल, या गाढवाला बायकांच्या दुखण्यातलं एवढं कुठून कळलं. त्या कलंडणाऱ्यांत मीही आहे, आई. दीड महिन्यापूर्वी परांचीवरून पडलो. घोटा गेला. वर चढणं बंद, खाली बसून वाकडे खिळे सरळ करतो, मजुरी अर्धी. तुला कळवलं नाही, मलाही लाज वाटली. खोटं बोलण्यात मी तुझ्यावरच गेलोय. माझं आज लिहून टाकलं. तुझं तू मंगळवारी त्या बाईंना सांग, एवढ्यासाठी हे पत्र.

तुझाच, अजून रागावलेला,
धाकटा

सोबत पाठवलेल्या पैशांतलं दादाच्या हातात काही देऊ नकोस, हे फक्त दवाखान्यासाठी: चार हजार दोनशे.