मंडईची जोड

लाखनी,
१८ ऑक्टोबर १९७८

चि. केवळरामास पुष्पाताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. हलका धान कापायला आला. तुझे भाऊजी मजेत आहेत. बाबांच्या आखाड्याची माती अजून तूच खणतोस ना, की पोरांवर सोडून नुसता मिशा पिळतोस?

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत तुझी आणि यांची कुस्ती लावली, हे दुकानात ऐकलं. बाया विचारतात, "पुष्पाबाई, तुमी कोनाकडून?" मी हसते. हसून किती दिवस निभावणार?

मुद्दाम आंतरदेशीय घेतलं. कार्ड पोस्टमन वाचतो.

केवळराम, हे मजेत नाहीत. चिखलात रुतलेली बैलबंडी उचलताना उजवा खांदा निसटला. बसवून आणला, पण हात वर जात नाही; सदरा मी चढवते. पुन्हा निसटला तर हात कामातून गेला, असं वैद्य म्हणाला. पण ठरलेली जोड मोडली तर सासऱ्याच्या आखाड्याला भ्याला म्हणतील, म्हणून "तू चूप राय" एवढंच बोलतात.

पहिलवानाचं दुखणं त्याच्याशी लढणाऱ्या जोडीदाराला सांगणं म्हणजे बेइमानी. उस्तादाची लेक आहे मी, मला कळत नाही का? यांना समजलं तर माझ्या हातचं पाणी पिणार नाहीत. तू मुद्दाम हरूही नकोस; पहिल्या पकडीतच ओळखतील. मग काय करायचं, मला सुचत नाही. फार भीती वाटते रे.

तुझी,
दोन्हीकडची
पुष्पाताई

करडी,
२७ ऑक्टोबर १९७८

सौ. ताईस साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. वाचून चुलीत घातलं.

परवा लाखनीला आलो होतो. घरी आलो नाही, रागावू नको. भाऊजींचे उस्ताद मधुकरराव यांच्यापुढे नारळ ठेवला आणि मनगटावर शिष्याचा गंडा बांधून घेऊन त्यांचा पठ्ठा झालो. "बापाले पुसलं का?" म्हणाले. मी खोटीच मान हलवली. आता भाऊजी माझे गुरुभाऊ. गुरुभावांची कुस्ती दंगलीत लावत नाहीत. पंचांनी त्याच संध्याकाळी जोड मोडली. भाऊजींना कोणी नाव ठेवणार नाही. ठेवायचं ते मला ठेवतात, ठेवोत बापडे.

बाबांनी एवढंच विचारलं, "माह्या मातीत काय कमी पडलं तुले?" खरं सांगितलं असतं तर तू उघडी पडली असतीस. ते जेवायला शेजारी बसतात, पण आखाड्यात पाऊल टाकू देत नाहीत. कोणी माझी चौकशी केली तर म्हणतात, "थो लाखनीचा पठ्ठा आहे, तिकडंच पुसा."

भाऊजींचा हात नीट होऊ दे. भाऊबीजेला येतो. बाबांना मात्र काही सांगू नकोस, त्यांनी बोलावून विचारलं तरी नाही, ते रडले तरी नाही.

तुझा भाऊ,
आता लाखनीच्या आखाड्याचा,
केवळराम