आईची बॅग खाली गेली

६ डिसेंबर

आईची बॅग आली नाही. सामानाचा पट्टा रिकामा फिरत राहिला आणि मी तिची नजर चुकवत उभी.

सकाळी विमानात चढताना माझी कॅमेऱ्याची बॅग मापाच्या लोखंडी चौकटीत बसेना. दाबली, आडवी केली. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, ही खाली सामानातच टाकावी लागेल." लेन्स खाली? सामान कसं आपटतात ते पाहिलंय मी. म्हणून लेन्स काढून कापडी पिशवीत भरल्या, तशी बॅग कशीबशी बसली. पण वर सोबत न्यायला माणशी एकच नग. मग मीच म्हटलं — पिशवी आईची धरा, तिची बॅग खाली जाऊ द्या.

आईला विचारलंसुद्धा नाही. बॅग उचलली तशी ती नुसती हसली.

हॉटेलवर आल्यावर कळलं, तिचं कानाचं यंत्र त्या बॅगेत होतं. "विमानात दडे बसतात, म्हणून काढून ठेवलं." आणि परवा धाकट्या भावाचं लग्न.

७ डिसेंबर

विमान कंपनीचं एकच पालुपद — शोध चालू आहे. धाकट्याला अजून सांगितलं नाही. जीभच उचलत नाही.

८ डिसेंबर

लग्न झालं. जेवणाआधी धाकटा माईक घेऊन आईबद्दल बोलला. शाळेच्या नाटकात तो वाक्य विसरला, तेव्हा आईने प्रेक्षकांतून उभं राहून त्याचं वाक्य म्हटलं होतं म्हणे. हॉल हसला, मग गप्प झाला. नवरी डोळे पुसत होती. आई रुमालाची घडी सारखी करत बसलेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा तिनेही वाजवल्या.

मी फोटो काढला. चांगला आलाय, याचीच लाज वाटते.

नंतर तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सांगायला लागले, तर माझा हात थोपटून म्हणाली, "राहू दे गं. जेवलीस का तू?"

११ डिसेंबर

घरी आलो. पाठोपाठ बॅगही आली. वर काहीतरी जड पडलं असणार, यंत्राचा पार चुरा झालाय. आई म्हणते, "जाऊ दे ना, एवढं काय त्यात." एकदा रागवली असती तर बरं झालं असतं.

१३ डिसेंबर

नवीन यंत्रासाठी तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासून झाल्यावर तिला बाहेर बसवलं आणि डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं, माझ्यामुळे कसं झालं ते.

त्या म्हणाल्या, "त्या यंत्राचा तसाही उपयोग नव्हता. त्यांना गेलं वर्षभर काहीच ऐकू येत नाहीये, आत तपासताना त्यांनीच सांगितलं. समोरच्याचे ओठ बघून ओळखतात. घरी कुणाला माहीत नाही?"

घरी आम्ही दोघीच असतो.