ह्यांचा रिपोर्ट, माझा मोबाईल

५ जानेवारी २०२६
रिपोर्ट आला. मूल होत नाही ते ह्यांच्यामुळे, माझ्यात काही दोष नाही! सहा वर्षं टोमणे ऐकले मी.
बारामतीच्या दवाखान्यातून मोटरसायकलवर पणदऱ्याला घरी आलो. दारातच हे म्हणाले, "आयला सांगू नगंस. तिला सोसायचं न्हाय." आणि मला सोसतं, व्हय?

८ जानेवारी
वांगी तोडताना सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं— "माझ्या विजयसिंहात काय बी खोट न्हाय. हिचीच कूस उजवत न्हाय."
चोर सोडून संन्याशाला सुळी!
लिहिलं आणि वाईट वाटलं. हे कसले चोर? धड जेवतही नाहीत बिचारे.

१३ जानेवारी
दवाखान्याचा मेसेज. रिपोर्ट आता मोबाईलवर, ब्लॉकचेन नावाच्या कसल्याशा नोंदवहीत म्हणे. ज्याला दाखवायचा त्याचं नाव टाका, ओटीपी येईल तो द्या, झालं. तपासणीच्या वेळी ह्यांचा मोबाईल दुरुस्तीला होता, म्हणून नंबर माझा दिलेला. म्हणजे किल्ली माझ्याच हातात!

१६ जानेवारी
सासूबाई इंदापूरला मुलगी बघून आल्या. ह्यांच्यासाठी! "हिला म्हायेरी धाडू. काय जिवं मारत न्हाय आपुन तिला." हे ताटावरून उठून गेले.
मी मोबाईल घेतला. सासूबाईंचं नाव टाकलं— बनाबाई. ओटीपी आला. नाही टाकला.

१७ जानेवारी
दवाखान्यात जाऊन आले. संगणकावर बसणाऱ्या श्रेयाताईंना विचारलं, पाठवलेलं मागे घेता येतं का? म्हणाल्या, "पुढची परवानगी बंद होईल. पण दाखवल्याची नोंद ब्लॉकचेनवर राहते, ती आम्हालाही पुसता येत नाही. आणि वहिनी, कायद्यानं संमती त्यांचीच लागते. बायकोची चालत नाही. आधी नंबर बदलून घ्या."
म्हणजे ह्यांनी हो म्हटलं असं कायमचं लिहिलं गेलं असतं, आणि ह्यांना पत्ताही नाही.
घरी येऊन ह्यांना सगळं सांगून टाकलं, नाव टाकल्याचंसुद्धा. वाटलं, आता भडकतील. हळूच म्हणाले, "ओटीपीचा आकडा टाकायचा हुतास की." मग मलाच रडू फुटलं. माझा जीव आहे हो ह्या माणसावर, पण तोंड उघडत नाही त्याचं काय करू?

१८ जानेवारी
माहेरी जायची पिशवी भरली. परत रिकामी केली.

१९ जानेवारी
सकाळीच हे सासूबाईंना घेऊन बारामतीला गेले. कशाला ते सांगितलं नाही.
आत्ता मोबाईल वाजला— 'विजयसिंह यांचा रिपोर्ट बनाबाई यांना दाखवण्यास संमती असल्यास ओटीपी द्या.' पाठोपाठ ह्यांचा फोन.
"आय शेजारी बसलीया. आकडा सांग."